दवाखान्याचा रकाना

अमरावतीत भाड्याची खोली शोधत फिरत होतो तेव्हा घरमालक काय काय विचारतात ते मला पाठच झालं होतं. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, लग्न झालं का, मटण शिजवणार का, दोस्त येतील का. सरांनी यातलं एकही विचारलं नाही. मी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात रंगाई खात्याच्या लॅबमध्ये आहे म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुमच्या प्लँटमदलं पानी किती हार्ड हाय?"

मी आकडा सांगितला.

"सॉफ्टनरच्या आंधीचा का नंतरचा?"

"आधीचा."

"मंग राहा," ते म्हणाले आणि किल्ली काढून दिली. भाडं किती हे मीच नंतर जिन्यात त्यांच्या बायकोला, काकूंना विचारलं.

सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गल्लीत त्यांना 'पानीवाले सर' म्हणत, तोंडावरसुद्धा. इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशात पीएच पेपरची पुस्तिका असायची. खांद्यावरच्या कापडी पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या. लग्न असो, साखरपुडा असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, जिथे जातील तिथलं पाणी भरून आणायचे. घरी आलेला पाहुणा पोटाची तक्रार करू लागला की विचारायचे, "बोरचं पेता का नळाचं?" आणि आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरी एकदा आले होते तेव्हा माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या डाळीचा दोष नाही, ती शिजत नाही ते विहिरीच्या पान्यानं." वीस वर्षं आजीची बोलणी खाल्लेल्या माझ्या आईने त्या दिवसापासून सरांना देव मानलं.

काकूंचं माहेर अकोल्याकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथलं पाणी खारं, चहासुद्धा खारट लागतो. सर पोरगी पाहायला गेले होते तेव्हाचा किस्सा काकू दर पाहुण्याला सांगत. "मी ट्रे घेऊन उभी. घरातले सारे माया तोंडाकडं पाहून राहिले, अन् हे कपाकडं! एक घोट घेतला अन् म्हनते कसे, 'सोडियम.' माया बापाले वाटलं पोरीले काई नाव ठेवलं." यावर सर गंभीरपणे म्हणायचे, "मंग होकार देलाच ना." "मले देला का पान्याले देला, ते आजपर्यंत नाही समजलं मले," काकू म्हणायच्या आणि हसायच्या.

वर्गात त्यांचं एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं: 'छान हे रीडिंग नाही.' प्रयोगाच्या वहीत कोणी 'छान गुलाबी रंग आला' असं लिहिलं की ते लाल शाईने 'छान' खोडायचे. माझ्यासमोर एकदा त्यांचा जुना विद्यार्थी मिठाईचा डबा घेऊन आला, मुलगी झाली होती. सर म्हणाले, "कशी हाय?" तो म्हणाला, "छान हाय सर." आणि लगेच जीभ चावून, "दोन किलो नऊशे."

असा हा माणूस बिअर बनवायचा. आणि ती पीत नव्हता. एक थेंबसुद्धा नाही.

हे कसं झालं ते सांगायला त्यांच्या मुलापासून सुरुवात करावी लागते. सरांचे वडील जिनिंगमध्ये हमाल. दारू सुटत नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि आल्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. त्या घरात पंचशील, त्यातलं दारू न पिण्याचं सिक्खापद धरून, म्हणजे भिंतीवर टांगायची गोष्ट नव्हती, घरात जन्मलेल्या सगळ्यांना त्यानेच तर शाळा दाखवली होती. काकू दर रविवारी विहारात वंदना घेत. अशा घरात आनंदच्या, म्हणजे सरांच्या एकुलत्या पोराच्या कॉलेजच्या बॅगेत बिअरची बाटली सापडली. आनंद म्हणाला, दोस्ताची आहे. सरांनी बाटली घेतली, गल्लीत मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नालीत ओतली. शेजारच्या गच्च्यांवरून लोक बघत होते. आनंद त्याच आठवड्यात बंगलोरला निघून गेला. पुढे तिथे एका बिअरच्या कारखान्यात लागला. मी राहायला आलो तेव्हा बापलेकांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तो फोन करायचा तो आईला.

काकूंना फोन कानाला लावून बोलता यायचं नाही, त्या स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. सर पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत पेपर धरून बसायचे. फोन चालू असताना पेपराचं पान उलटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एके दिवशी आनंद आईला आपलं रडगाणं सांगत होता, की इथं पाण्यात बायकार्बोनेट जाम आहे, बिअरला तुरटपणा येतो, साहेब बोंबलतो. काकू "हो का बाप्पा" एवढंच म्हणत होत्या. आणि पुढच्या खोलीतून आवाज आला:

"चुना टाक म्हना!"

काकूंच्या हातातला फोन पडता पडता राहिला. मग आनंद म्हणाला, "आई, त्याईले ईचार, किती?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सुरू झालं, पण काकूंमार्फत. स्पीकर चालू, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, तरी काकूंनी दोन्हीकडे ने-आण करायची असा जणू नियमच. "तो म्हनते सल्फेट वाढवलं तं कडूपना टोचते." "त्याले म्हना क्लोराइड वाढव, गोलाई येईन." "ते म्हनते क्लोराइड वाढव." "आयकलं आई." विहारात त्रिशरण म्हणणारी बाई घरी येऊन सल्फेट-क्लोराइड वाहायची. मी जिन्यात उभा राहून हसायचो, आणि नंतर खोलीत जाऊन घरी फोन लावायचो.

पण सर पडले सर. जो प्रयोग आपण केला नाही तो दुसऱ्याला सांगायचा नाही, हा त्यांचा धर्म. म्हणून गच्चीवरच्या खोलीत सातूला मोड आणणं, वाळवणं, भरडणं सुरू झालं. हॉप्स नावाची कडू फुलं कुरिअरने यायची, माझ्या नावावर. कायद्यात हे बसतं का हे मी विचारलं नाही. सरांनी विचारलं असेल, कारण त्यांनी आधीच बजावलं, "इकाची नाही, वाटाची नाही. हा प्रयोग हाय." काकू पहिल्यांदा फार रागावल्या. सर म्हणाले, "सिक्खापद पेन्यावर हाय, उकडन्यावर नाही." काकू म्हणाल्या, "भन्तेजीले ईचारू का?" सर म्हणाले, "नोको." काकूंनी विचारलं नाही. आनंदच्या फोनची वाट त्याही बघतच होत्या.

आता पिणार कोण? सरांनी एका दुपारी मला वर बोलावलं. हातात काचेचा ग्लास, आत पिवळसर बिअर, समोर आखलेली वही, कानामागे पेन्सिल.

"तू माही जीभ," ते म्हणाले. "सांग."

मी घोट घेतला. काय सांगू राजेहो, सरकारी दवाखान्यात फिनाइलने पुसलेल्या वऱ्हांड्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. इंजेक्शनच्या आधी कापूस फिरवतात ना, तो वास थेट घशात. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. असं, की मी जे रीडिंग देईन ते घेऊन धावत सुटतील.

"छान," मी म्हणालो.

"छान हे रीडिंग नाही."

मग काय, मी सुरू झालो. फेस चांगला, कडूपणा बेताचा, शेवटी जरा गोडसर. ते भराभर लिहीत गेले. मला त्यांचा चेहरा पडलेला बघवला नसता, हे खरं. आणि फुकटची बिअर कशीही असली तरी थंड होती, हेही खरं. एकदा खोटं बोललो की पुढचं खोटं सोपं जातं, हे कोणी सांगायला नको. पुढच्या वेळीही छान. त्याच्या पुढच्या वेळीही. एकदा काकूंच्या माहेराहून दोन कॅन पाणी आणून त्याची बिअर केली. ती म्हणजे मीठ जास्त झालेलं ताक. त्यालाही मी 'वेगळीच, पण छान' म्हणालो. लाज वाटते आता.

माझं रीडिंग फक्त वहीत राहिलं असतं तरी चाललं असतं. सर ते बंगलोरला पाठवत होते. "त्याले सांग, नळाचं पानी ड्रममदी रातभर ठेवलं का क्लोरीन उडून जाते. मी करून पायलं." आनंदला संशय होता. तो म्हणाला, "आई, त्याईले ईचार, पेलं कोनं?"

मी जिना चढत होतो. सरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"माहा मानूस हाय म्हना. भरोशाचा."

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं आजवर कोणाच्या शिवीनं लागलं नाही. तरीही मी बोललो नाही. दीड वर्षं असंच गेलं.

मग ऐन उन्हाळ्यात बातमी आली. अकोल्याला आनंदच्या मावसबहिणीचं लग्न, तो येणार, आधी एक दिवस अमरावतीला थांबणार. काकूंनी घर धुवायला काढलं. सर गच्चीवर गेले आणि शेवटच्या ब्याचच्या बाटल्या मोजून आले. "त्याच्यासमोर ठेवू," ते म्हणाले. "या घरात त्यानं एक ग्लास पेला पायजे. माया हातचा." हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नाही. आणि ती ब्याच सगळ्यांत वाईट होती. मी चाखली होती, त्या खेपेला वास नाकात झिणझिण्या आणत होता.

आनंद यायला चार दिवस राहिले. नवीन ब्याच करायला निदान वीस दिवस लागतात. मी हिशेब करून करून थकलो. शेवटी सकाळी नळ आले तेव्हा खाली गेलो. आमच्याकडे तेव्हा एक दिवसाआड नळ यायचे. सर ड्रम भरत होते.

"सर, बिअर चांगली नाही. कधीच नव्हती."

सरांनी ड्रम भरू दिला. नळ बंद केला. ड्रमवर झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाले, "कितव्या ब्याचपासून?"

"पहिल्यापासून. दवाखान्यासारखी लागते."

"अकोल्याच्या पान्याचीबी?"

"खारट होती सर. मिठाच्या ताकासारखी."

"ते तं मले तवाच समजाले पायजे होतं," ते म्हणाले. "खारपानच्या पान्याची छान कशी होईन, लेका."

रागावतील, खोली रिकामी कर म्हणतील, अशी माझी तयारी होती. ते आत जाऊन वही आणि पट्टी घेऊन आले. सगळ्या पानांवर शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं: दवाखाना. "दहापैकी किती, ते लिव्ह. आठवून लिव्ह." मी ओट्यावर बसून लिहीत गेलो. पाच, सहा, पाच, आठ, शेवटी नऊ. सरांनी आकडे वरून खाली पाहिले.

"पाय, उन्हाळ्यात नळाच्या पान्यात ब्लीचिंग जास्त टाकते, तं आकडा वाढला. किती चांगला डेटा होता हा. तुयाजवळच पडून राहिला."

मी मान खाली घातली. सर ड्रमच्या झाकणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "माया समोर लोकाईले खरं बोलता येत नाही वाटते. मी असा उभाच राहत असन तसा. आनंदनंबी तवा सांगतलं होतं, दोस्ताची बाटली हाय म्हनून." आणि उठून आत गेले.

आनंद आला. बापासारखाच उंच, बापासारखाच चष्मा कपाळावर. काकूंनी त्याला बघून रडून घेतलं, सर 'ये' म्हणाले आणि परत खुर्चीत बसले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "त्याले संत्र्याचं शरबत देऊ, ते बाटल्याचं राहू द्या." दर हिवाळ्यात त्या वरूडची संत्री आणून शरबताच्या बाटल्या भरून ठेवत, वर्षभर पुरतील इतक्या. सरांनी ऐकलं. "शरबतबी दे. पन हेबी देऊ." त्यांनी स्वतः ग्लास भरला, आनंदच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "खराब हाय. कावून खराब हाय ते सांग."

पहिल्यांदाच ते काकूंना मध्ये न घालता बोलले होते. काकू फडकं हातात धरून तशाच राहिल्या. आनंदने ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, गिळला.

"दवाखान्यासारखी लागते, बाबा."

"दहापैकी किती?"

"नऊ."

सरांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. शेवटच्या ओळीत माझा नऊ होता. इतका आनंदलेला माणूस मी वाईट बिअरवरून कधी पाहिला नाही. "सेम रीडिंग!" ते मला म्हणाले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

"क्लोरीन गेलं नाही," आनंद म्हणाला. "पानी उघडं ठेवलं होतं ना?"

"उघडं? डेंगूवाले दर आठवड्याले ड्रम तपासाले येते. झाकन पक्कं पायजे."

आनंद इतका हसला की डोळ्यात पाणी आलं. सरांनाही मग हसू फुटलं. रसायनशास्त्राचा प्राध्यापक, क्लोरीन उडून जावं म्हणून दीड वर्ष पाणी साठवत होता, वरून झाकण घट्ट लावून!

हसून झाल्यावर आनंद शरबत प्यायला. "आई, हे वर्षभर टिकाले काय टाकते तू?" काकूंनी फळीवरून एक छोटा डबा आणला. महिला मंडळाच्या वर्गात शिकल्या होत्या, पांढरी पावडर, बाटलीला चिमूटभर. आनंदने डब्यावरचं नाव वाचलं आणि न बोलता डबा बापाकडे दिला. सरांनी वाचलं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हेच टाकते आमी तिकडे," आनंद म्हणाला. "चिमूटभर टाकलं का क्लोरीन खतम. ड्रम झाकलेला असो का उघडा."

"चाळीस वर्षं फळ्यावर हे रिअ‍ॅक्शन लिवली मी," सर म्हणाले. "अन् घरातच होतं?"

"मले कोनी ईचारलं?" काकू कडाडल्या. "दीड वर्ष तुमचं तिकडं अन् त्याचं ईकडं वाहून राहिली मी. एका शब्दानं ईचारलं कोनी, तू काय टाकते म्हनून?"

दोघा बापलेकांनी माना खाली घातल्या. तसे बसल्यावर ते अगदी सारखे दिसत होते.

जरा वेळाने आनंदने विचारलं, "बाबा, तुमी पेत नाही. मंग एवढं कावून करता?"

"तू तिथं दिवसभर काय करते ते समजाले नोको का मले?" सर म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. "ते बाटली मी घरातल्या मोरीत वताले पायजे होती. गल्लीत नोको होती वताले."

बाटली ओतल्याची माफी त्यांनी मागितली नाही, कुठे ओतली त्याची मागितली. त्यापेक्षा जास्त मागणं त्यांना खोटं वाटलं असतं. आनंदला ते कळलं. तो म्हणाला, "माहीच होती ते बाटली, बाबा."

"मालूम हाय," सर म्हणाले.

त्यानंतर सरांनी एकट्याने काही बनवलं नाही. "आता दोघं मिळून करू, हिवाळ्यात," असं ठरलं. फोन अजूनही स्पीकरवर यायचा आणि काकू अजूनही दारात उभ्या राहायच्या. मध्ये त्यांची गरज उरली नव्हती, पण सवय दोघांचीही गेली नव्हती. अर्धं ते एकमेकांशी बोलायचे, अर्धं काकूंमार्फत.

पावसाळ्याच्या शेवटी सर गेले. सकाळी नळ आले होते, ड्रम अर्धा भरला होता. हृदय बंद पडलं. विहारातल्या सभेत त्यांच्या विद्यार्थ्यांनी खूप सांगितलं. मला बोलायला उठवलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की सरांनी मला खरं रीडिंग लिहायला शिकवलं.

संत्री आली तेव्हा आनंद महिनाभराची रजा घेऊन आला, घराची कागदपत्रं करायला. दुसऱ्याच दिवशी त्याने गच्चीवरची खोली उघडली. ड्रम भरला, झाकण घट्ट लावलं. पावडर काकूंनीच टाकली, चिमटीत मावेल त्याच्या निम्मी. मग तीन आठवडे आंबू दिलं.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याने बाटली उघडली. पुढच्या खोलीत वेताची खुर्ची तशीच होती, तिच्यावर सरांची वही. आनंदने ती मांडीवर घेतली, पेन्सिल कानामागे लावली, ग्लास मला दिला.

"भाऊ, खरं सांगा."

मी घोट घेतला. हळूहळू सांगितलं. फेस दोन बोटं. कडूपणा सहा. शेवटी तुरट नाही. तो रकान्यांवरून पुढे सरकत गेला.

"दवाखाना?"

मी आणखी एक घोट घेतला. जिभेवर घोळवला. दीड वर्षाचं देणं होतं, घाई करायची नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

आनंदने लिहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, नेहमीच्याच जागी. त्यांनी वेताच्या खुर्चीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आयकलं का? दवाखाना नाही म्हनते तो."

मग त्या तशाच थांबून राहिल्या. परत न्यायचं उत्तर घेऊनच तिथून हलायची त्यांना सवय होती.